बर्फाचा अर्धा दृष्टांत

क्लासच्या फाटकावर नवा फ्लेक्स लागला होता आणि त्यावरचा तांबडा गोळा महादेवीनं लांबूनच ओळखला. नेपच्यूनच्या पलीकडं, जिथून सूर्य म्हणजे नुसता एक ठळक तारा, तिथं काळोखात फिरत राहणारा बर्फाचा गोळा. गोळ्याच्या एका अंगाला वीरेश महाराज शिवकीर्तनकार, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, उजवा हात आभाळाकडं. दुसऱ्या अंगाला क्लासचे मालक शेषेराव सर, हाताची घडी घालून. आणि मधोमध लाल अक्षरात: ‘मार सोसला, म्हणून बर्फात जीव आला! भूकंपाच्या पंचविसाव्या स्मृतिदिनी जाहीर शिवकीर्तन. रविवारी सकाळी दहा वाजता. विद्यार्थी व पालकांनी लाभ घ्यावा.’

तिनं स्कूटी स्टँडला लावली नाही. तशीच, दोन्ही पाय जमिनीला टेकून, पुन्हा एकदा वाचलं. तळपायाची आग मस्तकाला गेली. कारण ते वाक्य तिच्याच तोंडचं होतं. म्हणजे तिच्या वाक्याचं अर्धुक होतं. उरलेलं अर्धं कुणीतरी गिळून टाकलं होतं, आणि ते कुणी गिळलं हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

वीरेश तिचा जुना विद्यार्थी. लातूरच्या या ट्यूशन एरियात दहा वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसायचा. डॉक्टर काही झाला नाही, कीर्तनकार झाला, आणि महादेवीला त्याचा आनंदच वाटला होता. कीर्तन म्हणजे तिचा जीव की प्राण. तिचे वडील मन्मथप्पा गावात पखवाज वाजवायचे. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात गणपती बोळवून आले, पखवाज खुंटीला अडकवून झोपले, ते पहाटे भूकंपात कोसळलेल्या माळवदाखालीच राहिले. महादेवी चौदा वर्षांची होती. तिला दुपारी दोनच्या सुमाराला बाहेर काढलं. तोवर बाजूच्या पडक्या भिंतीवर बसून महानंदामावशी, स्वतःचा हात मोडलेला असताना, मातीखाली अडकलेल्या तिला हाका मारत होती: “महादे, झोपू नको गं माय, भजन म्हण.” तेव्हापासून भजनाला ती करमणूक मानत नव्हती.

पुढं शिकून ती गुजरातेत एका प्रयोगशाळेत चार वर्षं राबली. काम असं: पोलादी डब्यातली सगळी हवा काढून घ्यायची, आत नखाएवढ्या काचेवर उणे दोनशे साठ अंशांवर मिथेनॉलचा, अमोनियाचा, पाण्याचा बर्फ धरायचा आणि त्यावर अतिनील दिवा सोडायचा. सूर्यमालेच्या कडेला लाखो वर्षांत जे होतं, ते चार-आठ दिवसांत बघायचं. आईसाठी परत यावं लागलं आणि हातात खडू आला, तरी तो बर्फ काही तिच्या मनातून उतरला नाही.

म्हणून श्रावणाच्या तोंडाला वीरेश घरी आला, “अक्का, पोरांपुढं कीर्तन हाय, एखादा विज्ञानाचा दृष्टांत द्या की,” म्हणाला, तेव्हा तिनं हरखून दोन तास सांगितलं होतं. किरणं बर्फावर पडली की आधी सगळं तुटतं. हायड्रोजन निसटून पळतो, कर्ब उघडा पडतो. मग कर्बाला कर्ब लागतो, साखळ्या होतात, आणि पांढऱ्या बर्फावर तांबडी, डांबरासारखी साय धरते. त्या सायीत जिवाचं सामान असू शकतं. “जीव नव्हे रे, सामान,” असं तिनं दोनदा बजावलं होतं. वीरेशच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो वहीत भराभर लिहीत होता. “बास अक्का! यावर दीड तास बोलतो मी!” असं म्हणून त्यानं वही मिटली. “अरे, पुढचं ऐक, खरी गोष्ट पुढंच हाय,” असं म्हणत तिनं पुढचंही सांगितलं. त्यानं मान डोलावली. वही मात्र मिटलेलीच होती.

ते कीर्तन तिला ऐकायला मिळालं नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, ती आठ दिवस नांदेडला होती. परत आली तर क्लासमध्ये ‘किरण बॅच’ सुरू झालेली. नाव चांगलं वाटलं तिला. आता फ्लेक्सपुढं उभी राहिल्यावर कळलं, ही कसली किरणं.

किरण बॅच म्हणजे चौदा तास अभ्यास. मोबाइल जमा. पोळा, गणपती, दसरा, दिवाळी, काही नाही. मे महिन्यातली परीक्षा होईपर्यंत घरी जाणं बंद. दर शनिवारी चाचणी, आणि उत्तर चुकलं की दुसऱ्या दिवशी उभ्यानं तास.

त्या दिवशीचा पहिलाच तास किरण बॅचवर होता. तास संपल्यावर अक्षरा मागं थांबली. जळकोटच्या गुरुपादप्पा किराणावाल्याची धाकटी. जूनमध्ये आली तेव्हा गालांना खळ्या होत्या. आता ड्रेसच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या.

“मॅडम, बर्फाला लाल व्हायला किती दिवस लागतात?”

“लाखो वर्षं लागतात बाळा. का गं?”

“मग माझे आठच महिने राहिलेत,” ती हसली. “पण मी जोरात सोसायलेय. माझा मीच नियम केलाय. चाचणीत एक उत्तर चुकलं की एक पोळी कमी. मागल्या शनिवारी अकरा चुकली. सात फेडल्या, चार राहिल्यात.”

तिनं हे अभिमानानं सांगितलं. उपासाचं उद्यापन सांगावं तसं.

“कुणी शिकवलं तुला हे?”

“महाराज म्हणले ना कीर्तनात. बर्फ रडला का? पळाला का? मार खात राहिला, म्हणून त्याच्यात जीव आला. मी तुमचं पण नाव ऐकलं त्यात, मॅडम. महाराज म्हणले, हे माझ्या गुरुमाऊलीनं सांगितलंय.”



महादेवी तिथून उठली ती थेट शेषेराव सरांच्या केबिनमध्ये. “अक्षराला आठ दिवस घरी पाठवा, सर. लेकरू उपाशी मरायलंय.”

शेषेराव सर खुर्चीत मागं रेलले. “किरण बॅचमधून घरी? महादेवी मॅडम, तुम्हीच असं म्हणता? अहो, बर्फ एकदा उबला की संपलं! गार ठेवायचं आणि मारा चालू ठेवायचा. हे आमचं न्हाई, विज्ञानाचं म्हणणं हाय.”

“कुठल्या विज्ञानाचं? चार वर्षं मी बर्फापुढं बसले का तुम्ही?”

“तुम्ही बसलात. पण फळ कुणाला मिळालं? महाराजांनी दीड तास सांगितलं आन् दोनशे पोरं एका दिवसात बॅचला लागली. तुम्ही दहा वर्षं शिकवताय, तुमच्यानं एक तरी लागलं का?” त्यांनी टेबलावरचा पेढ्याचा बॉक्स पुढं सरकवला. “घ्या, तोंड गोड करा. रविवारी टाळ धरायला या. तुमच्या गावची मंडळी बोलावलीत मी, खास. पुनर्वसनाच्या गावाहून जीप करून येतायत.”

तिनं पेढा घेतला नाही. बाहेर येऊन जळकोटला फोन लावला. गुरुपादप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मागं तराजूत काहीतरी ओतल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

“म्याडम, तुम्ही सांगायलाव ते खोटं न्हाई. पण मी पडलो किराणाचा माणूस, मला त्यातलं काय कळतंय? लेकरू म्हणतंय मी बरी हाय. सर म्हणतेत बरी हाय. रविवारी मी येऊनच राहिलो कीर्तनाला. महाराज गादीवरून जे बोलतील ते माझ्यासाठी देवाचं. ठेवा म्हणले तर ठेवतो, न्या म्हणले तर नेतो.”

“आणि महाराज चुकले तर?”

“गादीवर माणूस चुकत नसतो, म्याडम. गादीवर तो नसतोच. तुम्हाला मी सांगावं का हे?”

खरंच, तिला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून ती हेच मानत आली होती. कीर्तनाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या पोरसवदा कीर्तनकाराच्या पायावर त्याची आजीसुद्धा डोकं ठेवते, ते याचसाठी. आणि तिथूनच कुणी एका लेकराच्या तोंडचा घास काढून घेतला होता. तिच्या रागाला धरायला जागाच सापडेना. देवघरात इष्टलिंग तळहातावर घेऊन बसली तरी ओठ मंत्र म्हणायचे आणि डोकं शेषेराव सरांशी भांडायचं.

शनिवारी ती वीरेशच्या घरी गेली. दारात नवीकोरी मोठी गाडी, मागच्या काचेवर त्याचंच नाव. त्यानं वाकून पाया पडून घेतलं, सतरंजी झटकली, मुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा आणायला आत हाक दिली. तिनं अक्षराचं सगळं सांगितलं. चार राहिलेल्या पोळ्यांसकट.

वीरेशनं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. “वाईट झालं अक्का. पण दृष्टांत एकदेशी असतो, तुम्हाला माहीत हाय. चंद्रासारखं मुख म्हणलं तर कुणी विचारतं का, मुखावर खड्डे कुठंत?”

“मुखाला खड्डे पडले असते तर चाललं असतं, वीरेश. लेकराच्या पोटाला पडायलेत.”

“मी थोडीच म्हणलो, जेवू नको?”

“तू म्हणलास, सोस. किती सोसायचं ते सांगितलंस का? थांबायचं कधी, ते सांगितलंस? मी तुला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. तू पहिली नेलीस.”

“बाकीच्या दोन चालीत बसत न्हाईत हो.” तो कळवळून म्हणाला. आणि तेच तिला जास्त लागलं, कारण तो खोटं बोलत नव्हता. “अक्का, दोन हजार लोकांपुढं उभं राहून बघा. ‘मार खा, घडशील,’ म्हणलं की टाळ्या पडतेत. ‘किती मार, कुठवर, कशाखाली,’ असं सांगत बसलं की लोकं चपला हुडकतेत.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “सांभाळून घेतो उद्या. शब्द देतो.”

सुशीलाची बशी तशीच ठेवून ती उठली.

रविवारी दहा वाजता क्लासचा मोठा हॉल भरला होता. पुढं किरण बॅच, दोनशे पोरंपोरी, पांढऱ्या टी-शर्टात. मागं पालक. गुरुपादप्पा धोतर-टोपीत मधल्या वाटेशी बसले होते, हात जोडून. पांढऱ्या चादरीच्या गादीवर वीरेश महाराज, आणि त्याच्या मागं अर्धगोलात टाळकरी: महानंदामावशी, गावची चार म्हातारी माणसं, आणि मन्मथप्पांकडं पखवाज शिकलेला भुजंग, तोही आता साठीचा. महादेवी मावशीच्या शेजारी उभी राहिली. तिनं टाळ धरले ते केवळ वीरेशनं शब्द दिला होता म्हणून.

सुरुवात इतकी गोड झाली की तिचा राग क्षणभर ढिला पडला. नमः शिवायची धून, भुजंगचा भरदार हात, मावशीचा पिचलेला पण नेमका सूर. वीरेशचा गळा देवानं दिलेलाच. तिला वाटलं, सांभाळून घेईल पोरगा.

अर्ध्या तासानं त्यानं बर्फ काढला. आणि काही सांभाळलं नाही. उलट त्या अंधाराचं, त्या थंडीचं असं वर्णन केलं की पालकांच्या अंगावर काटा आला. मग त्यानं हात वर केला आणि स्वतः रचलेली ओळ टाकली:

“किरणांच्या मारे बर्फा आला जीव। सोसा तुम्ही घाव बाळांनो रे॥”

टाळकऱ्यांनी ओळ उचलली. कीर्तन चालतं ते असंच. महाराज ओळ टाकतात, मागचे ती झेलतात, घोळवतात, पुन्हा महाराजांच्या हाती देतात. महादेवीच्या हातातले टाळ वाजत होते, पण तोंड उघडेना. पुढच्या रांगेत अक्षरा डोळे मिटून ओठ हलवत होती.

शेषेराव सरांनी खालून बोटानं खूण केली. वीरेशनं दुसरा चरण टाकला.

“भूकंपाचे घाव सोसले लातूरे। म्हणोनि हे तुरे आज डोई॥ अहो मायबापहो, त्या पहाटे धरणीमातेनं आपल्याला हाणलं! का हाणलं? घडवायला हाणलं! तो मार बसला नसता तर हे क्लास, हे डॉक्टर, हे वैभव दिसलं असतं का? म्हणा!”

महादेवीनं टाळ थांबवले.

संतांची ओळ असती तर तिनं जीव गेला तरी थांबवले नसते. संतांचं वचन ते प्रमाण, ते झेलायचंच. पण ही ओळ वीरेशची होती, शेषेराव सरांच्या बोटाच्या खुणेवर आलेली. तिनं मावशीकडं बघितलं. मावशी भूकंपात दोन लेकरं आणि नवरा देऊन बसलेली. तिचे टाळ केव्हाच खाली आले होते. एकेक करून बाकीच्या चारही म्हाताऱ्यांचे थांबले. शेवटी भुजंगनं पखवाजावर तळवा पालथा ठेवला.

ओळ हवेत लटकली. कुणी झेलली नाही.

“म्हणा की,” वीरेश मागं वळून हसत म्हणाला. हसू अर्ध्यातच सुकलं.

“गळा गेला महाराज,” महानंदामावशी म्हणाली. माइक तिच्यापुढं नव्हता, तरी ते शेवटच्या रांगेला गेलं. “पंचवीस साल झाले. मातीत गेला. आम्ही काय घडलो न्हाई त्याच्यानं. आम्ही नुसते उरलो.”

शेषेराव सर उठून पोरांकडं वळले. “विद्यार्थ्यांनो, तुम्ही म्हणा! एक, दोन, तीन!” आणि दोनशे पोरांनी, सवयीनं, चाचणीच्या सूचनेसारखी ती ओळ म्हटली. सगळ्यांत ठणठणीत आवाज अक्षराचा होता.

त्यानं महादेवीचं उरलंसुरलं भान सुटलं. ती एक पाऊल पुढं आली. वीरेशनं ते बघितलं आणि, घाबरून म्हणा की उर्मटपणानं, माइकमध्ये म्हणाला, “मॅडमचं काही म्हणणं दिसतंय. या. सांगा लोकांना.” त्याला वाटलं असणार, कीर्तनात उलटं बोलायला अक्का धजायची नाही.

ती गेली. गादीच्या कडेला हात लावून तो कपाळाला लावला, गादीवर मात्र पाय ठेवला नाही. खाली फरशीवर उभं राहूनच तिनं माइक घेतला.

“हा दृष्टांत माझा आहे,” ती म्हणाली. “मी चार वर्षं स्वतःच्या हातानं बर्फाला मार दिलाय. त्यामुळं मला विचारा. मारानं काय होतं? तुटतं. एवढंच होतं. तुटलेले तुकडे त्या थंडीत जिथल्या तिथं पडून राहतात, शेजारी शेजारी, पण एकमेकांपर्यंत त्यांना सरकताच येत नाही. मग आम्ही दिवा बंद करायचो आणि डब्याला ऊब द्यायचो. मिनिटाला एक अंश, इतकी हळू. तेव्हा ते हलायचे. तेव्हा जुळायचे. मारानं तुटतं, बाळांनो. जुळतं ते उबेनं.”

शेषेराव सरांनी कोपऱ्यातल्या पोऱ्याला खूण केली आणि माइक मुका झाला. तिनं तो फरशीवर ठेवला. अडीचशे पोरांच्या वर्गात खडूनं गळा कमावलेली बाई, तिला माइक कशाला.

“आणि दिवा बंदच केला नाही तर? तर जे जुळलं तेही तुटतं! तांबडं काळं पडतं. नुसता कोळसा उरतो. तिकडं आभाळात जे काही टिकलं असेल ना, ते उघड्यावर मार खाणारं नाही. ते हात-दोन हात बर्फाच्या पांघरुणाखाली लपलेलं. पळालेलं, लपलेलं, झाकलेलं टिकतं. हे मी महाराजांना सांगितलं होतं. चालीत बसलं नाही म्हणून सोडलं त्यांनी. आणि इथं एक पोरगी चुकलेल्या उत्तरामागं एक पोळी सोडायलीय. तिच्या कोळशाचा जिम्मा कोण घेणार? सर, तुम्ही? का मी? मीही घ्यायला पाहिजे, हो, कारण अर्धी गोष्ट घेऊन जाणाऱ्याला मी दारातून जाऊ दिलं!”

पालकांत कुजबुज उठली. मधल्या वाटेतून गुरुपादप्पा उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली.

“म्याडम, एक विचारतो. काळं पडलेलं पुन्हा पांढरं व्हतंय का?”

खोटं बोलून धीर द्यावा असं क्षणभर तिला वाटलं. “नाही, अप्पा. पण सगळं काळं पडेपर्यंत लई वेळ असतो. तेवढ्यात काढलं तर निभतं.”

गुरुपादप्पांनी मान हलवली, पोरांच्या रांगेत शिरले आणि अक्षराच्या पुढं उभे राहिले. पोरगी कोण ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. “ऊठ माय. घरी चल.”

अक्षरा उठली नाही. “मला राहायचंय अप्पा. मी सोसते. अर्ध्यावर उठले तर माझं काहीच व्हायचं न्हाई.”

“म्याडम सांगायलेत ना?”

“मॅडम खाली उभं राहून सांगायलेत,” अक्षरा म्हणाली. ती उद्धट बोलत नव्हती. तिच्या घरात शिकवलेलंच ती बोलत होती. “महाराजांनी गादीवरून सांगितलंय.”

एवढं ओरडून, एवढं खरं सांगून, पोरगी महादेवीच्या हाताच्या बाहेरच राहिली होती. ती वीरेशकडं वळली. तो गादीवरून केव्हा खाली उतरला ते तिला कळलं नव्हतं.

“बघतोस काय? तुझ्या ओळीत अडकलंय लेकरू. सोडव.”

तो अक्षरापुढं गेला, उकिडवा बसला. “बाळ, मॅडमचं खरं हाय. मी अर्धंच सांगितलं. जा अप्पांबरोबर.”

अक्षरानं त्याच्याकडं बघितलं. “गादीवरून सांगा, महाराज.”

दिलेला दृष्टांत कुणी गादीवरून मागं घेत नाही. महादेवीनं शेकडो कीर्तनं ऐकली होती, असं एकदाही ऐकलं नव्हतं. वीरेशला ते तिच्याहून चांगलं माहीत होतं. शेषेराव सर त्याच्याजवळ आले, हळूच पण महादेवीला ऐकू येईल असं बोलले. “महाराज, पुढच्या वर्षभराच्या तारखा आपल्या ठरलेल्या हायत. नांदेडची शाखा हाय, हदगावची हाय. विचार करा.”

वीरेश उठला. एकदा फाटकावरच्या फ्लेक्सकडं बघितलं, एकदा मागच्या म्हाताऱ्यांकडं. महानंदामावशी त्याच्याकडं बघतच नव्हती, पदरानं टाळ पुसत होती. तो गादीवर चढला. नेहमी गादीवर चढताना तो जयघोष करायचा. आता केला नाही.

“मी श्रावणात या गादीवरून तुम्हाला सांगितलं, मार सोसला म्हणून बर्फात जीव आला,” तो म्हणाला. चाल नाही, हातवारे नाहीत, आवाज कोरडा. “ते चूक होतं. मला पूर्ण सांगितलं होतं, मी अर्धं उचललं. आन् आत्ता भूकंपाचं जे बोललो, ते तर मला कुणी सांगितलंही नव्हतं. ते मी टाळीसाठी बोललो. ज्यांनी कुणी माझं ऐकून स्वतःला मार दिला असेल, त्यांनी आज थांबावं. थांबणं म्हणजे हारणं न्हाई.” तो अडखळला. “हे गादीवरून सांगतोय.”

अक्षरा बापाच्या धोतराचा सोगा धरून उठली. चार-पाच वर्षांची असल्यासारखी.

तिचं सामान आणायला वसतिगृहात गेलं तर वॉचमन म्हणाला, सरांच्या सहीशिवाय किरण बॅचचं पोरगं सोडायचं नाही. महादेवीनं त्याच्या हातातलं रजिस्टर ओढून घेतलं आणि सहीच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, पेन कागदात रुतेल इतक्या जोरानं. मागून शेषेराव सर येऊन म्हणाले, “उद्यापासून तुम्ही येऊ नका, मॅडम.” ती म्हणाली, “उद्या नऊ वाजता किरण बॅचवर माझा तास आहे. पोरांना सांगते, तुम्ही काढलं म्हणून. मग जाते.” आणखी तीन पालक वसतिगृहाच्या पायऱ्या चढत होते, सर त्यांच्याकडं बघत राहिले.

फाटकाबाहेर गुरुपादप्पांनी वळकटी जीपच्या टपावर टाकली. अक्षरा आत खिडकीला डोकं टेकून बसली होती. ते महादेवीजवळ आले, घुटमळले.

“म्याडम, जळकोटला पोचायला दोन-अडीच तास. वाटंत जेवल का ती?”

“विचारू नका तिला. कुठंतरी गाडी थांबवा आणि तुम्ही जेवायला बसा. ताट दोघांचं मागवा, आणि तिच्याकडं बघू नका.”

“बघत न्हाई,” ते म्हणाले, आणि डोळे पुसत पुढं जाऊन बसले.

जीप वळणाआड गेली तरी तिच्या कानशिलातली ठणठण जाईना. शेषेराव सरांवरचा राग होता तो होताच. पण त्याहून जास्त वीरेशवरचा होता, आणि त्याहूनही जास्त स्वतःवरचा. एक बरं वाक्य बोललं म्हणून तो उतरावा, इतका तो स्वस्त नव्हता.

ती आत आली. अर्धा हॉल रिकामा झाला होता. खुर्च्या वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. गादीसमोर वीरेश आरतीचं ताट हातात धरून उभा होता, आणि निरांजनातली वात पेटवायचीच राहिली होती. त्याच्या मागं महानंदामावशी, भुजंग आणि चौघं जण आपापल्या जागी, टाळ-पखवाज घेऊन, वाट बघत.

“आरती केल्याशिवाय कीर्तन सोडू नये गं,” मावशी म्हणाली. “त्यात देवाचा काय गुन्हा? आम्ही तुझ्यासाठी थांबलोत.”

वीरेशनं ताट खाली ठेवलं आणि तिच्या पायाशी वाकायला लागला. महादेवीनं पाय मागं घेतले.

“माझ्या नको. मावशीच्या पड.”

तो मावशीच्या पायाशी वाकला. मावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण पायही मागं घेतले नाहीत.

महादेवीनं तिच्या शेजारी जाऊन टाळ उचलले. “लाव निरांजन,” ती वीरेशला म्हणाली. “आरती म्हण. माझ्याशी मात्र बोलू नको.”